दिवे गेल्यावरच्या मुलाखती

आमच्या संस्थेत संशोधनवृत्त्यांचं कामकाज माझ्याकडे असतं. अर्ज मागवायचे, छाननी करायची, समितीच्या बैठका लावायच्या आणि निवड झालेल्यांच्या बँक खात्यापासून विम्यापर्यंतची सगळी खटपट निस्तरायची. गाव जर्मनीतलं गॉटिंगन. अभ्यासाचा विषय समाजातली विविधता आणि सामाजिक एकोपा. २४ फेब्रुवारी २०२२ च्या रशियन आक्रमणानंतर युक्रेनच्या अभ्यासकांसाठी युरोपभर भराभर योजना निघाल्या. संकटात सापडलेल्या संशोधकांसाठी हुंबोल्ट फाउंडेशनची फिलिप श्वार्ट्झ योजना आधीपासून होतीच. युरोपीय संघाने ‘एमएससीए फॉर युक्रेन’ या संशोधनवृत्तीसाठी अडीच कोटी युरो काढून ठेवले. पण या मोठ्या योजना माणसाला इकडे आणण्यासाठी होत्या. ज्याला येताच येत नाही, त्याचं काय?

लष्करी कायद्यामुळे १८ ते ६० वयाच्या बहुतेक पुरुषांना तेव्हा देश सोडायला बंदी होती. कुणाचे आईवडील अंथरुणाला खिळलेले. आणि काहींचं म्हणणं अगदी साधं होतं: आमचा विषयच इथे आहे, तर आम्ही तिथे येऊन काय करू? तेव्हा व्हिएन्नाच्या आयडब्ल्यूएम या मानव्यविद्यांच्या संशोधन संस्थेसारख्या काही संस्थांनी केलं तेच आम्हीही करायचं ठरवलं. वृत्ती सहा महिन्यांची, राहायचं तिथेच, पैसे तिथे पोहोचतील. देश सोडून आलेल्यांनाही अर्ज खुला होता.

मुलाखती ठेवल्या २३ नोव्हेंबरला, बुधवारी. समितीच्या अध्यक्ष निवृत्तीला आलेल्या समाजशास्त्रज्ञ, अतिशय शिस्तीच्या. प्रत्येकाला वीस मिनिटं, तेच चार प्रश्न, त्याच क्रमाने. शेवटी गुणपत्रकात शंभरापैकी वीस गुण ‘सादरीकरण आणि संवाद’ या रकान्याला. युक्रेनमध्ये असलेल्यांचे सकाळी ऑनलाइन तास असतात म्हणून त्यांना दुपारच्या वेळा दिल्या होत्या. सकाळी वॉर्सा, लाइपझिग, प्राग. सगळं सुरळीत. मागे पुस्तकांचं कपाट, आवाज स्वच्छ, वेळेत सुरू, वेळेत बंद.

जेवणाच्या सुट्टीत माझ्या फोनवर भोंगा वाजला. हवाई हल्ल्याचा इशारा देणारं युक्रेनचं ॲप मी उमेदवारांसाठी म्हणून टाकून ठेवलं होतं. तो भोंगा रोजचाच झाला होता, म्हणून आधी कुणी फारसं मनावर घेतलं नाही. ऑक्टोबरपासून रशिया वीजकेंद्रांवर क्षेपणास्त्रं टाकत होता, तेव्हा एखाद्या शहरात दोन-चार तास अंधार, हे आम्हाला सवयीचं झालं होतं. त्या दिवशी मात्र जवळपास सगळा देशच गेला. सत्तरच्या आसपास क्षेपणास्त्रं आली. युक्रेनच्या ताब्यातले तिन्ही अणुवीज प्रकल्प जाळ्यापासून तुटले, कीव्हचं पाणी बंद झालं, ल्विव्ह अंधारात गेलं, शेजारच्या मोल्दोव्हातही निम्म्याहून जास्त भागातले दिवे गेले. हे आम्हाला संध्याकाळी कळलं. दुपारी पडद्यावर फक्त एक राखाडी चौकोन होता आणि त्यात उमेदवाराचं नाव.

तो पहिला उमेदवार दोनेत्स्कच्या विद्यापीठातला. ते विद्यापीठ २०१४ मध्येच विनित्स्याला हलवलं गेलं, त्याच्याबरोबर हाही गेला. वय चाळिशीचं, म्हणजे सीमा बंद. आम्ही दहा मिनिटं त्या चौकोनाकडे बघत बसलो. अध्यक्षबाईंनी घड्याळ बघून ‘पुढचं’ म्हटलं.

पुढची बाई आली ती मोटारीतून. खारकीव्हची समाजशास्त्रज्ञ, तेव्हा कीव्हला बहिणीकडे राहत होती. इमारतीच्या आवारात गाडी उभी करून फोन गाडीच्याच चार्जरला लावलेला, अंगात जाकीट, खिडकीच्या काचेवर वाफ. तिच्या कंपनीचं नेटवर्क गेलं होतं, पण युद्ध सुरू झाल्यावर तिथल्या कंपन्यांनी एकमेकींच्या जाळ्यावर रोमिंग खुलं केलं होतं. त्यामुळे ती दुसऱ्याच कंपनीच्या टॉवरवरून बोलत होती. टॉवरची बॅटरी किती टिकेल कुणाला ठाऊक, तेव्हा नमस्कार-चमत्कार वगळून तिने थेट विषयाला हात घातला.

तिचा विषय होता किल्ल्या. खारकीव्हच्या ईशान्येला साल्तिव्का नावाचा भलामोठा वस्तीभाग आहे, नऊ-नऊ, सोळा-सोळा मजल्यांच्या सोव्हिएत काळातल्या इमारतींचा. पहिल्या काही महिन्यांत तोफगोळ्यांनी तो पार झोडपला गेला. जे निघून गेले त्यांनी घराची किल्ली मागे राहिलेल्या कुणाकडे तरी दिली: मांजराला खायला घालायला, झाडांना पाणी द्यायला, काच फुटली तर प्लायवूड ठोकायला. कुणाची किल्ली कुणाकडे आहे, याचा माग काढायचा, ही तिची योजना. तिची स्वतःची किल्ली वरच्या मजल्यावरच्या एका आजोबांकडे होती. गाडी लावायच्या जागेवरून त्यांच्याशी तिचा कित्येक वर्षं अबोला होता.

“लोकांना थेट का विचारत नाही, शेजाऱ्यांवर विश्वास आहे का म्हणून?” आमच्या इतिहासकार सदस्याने विचारलं.

“युद्धात या प्रश्नाला सगळे हो म्हणतात,” ती म्हणाली. “नाही म्हणणं देशद्रोह वाटतो. किल्ली मात्र माणूस विचार करूनच देतो.”

नमुना कसा निवडणार, या प्रश्नावर ती जरा हसली. युक्रेनची शेवटची जनगणना २००१ ची. त्यानंतर क्रिमिया गेला, दोनबास पेटलं, लाखो लोक हलले. ज्या यादीवरून नमुना काढायचा ती यादीच अस्तित्वात नाही. म्हणून एका किल्लीवरून दुसऱ्या माणसाकडे, तिथून तिसऱ्याकडे. मग आम्ही न विचारताच तिने सांगितलं की मजला आणि घराचा नंबर ती कुठेच नोंदवणार नाही. कुठलं घर रिकामं आहे आणि किल्ली कुणाकडे आहे, ही यादी चोराच्या कामाची. उद्या शहर पडलं तर आणखी कुणाच्याही कामाची. खारकीव्ह जिल्ह्यातलं ईझ्यूम नुकतंच, सप्टेंबरमध्ये, पाच-सहा महिन्यांच्या रशियन ताब्यातून सुटलं होतं. तिच्यासाठी ही भीती पुस्तकी नव्हती.

चौथा प्रश्न निम्म्यावर असताना आवाज तुटला आणि तीही राखाडी चौकोन झाली. त्यानंतरच्या वेळांना कुणीच आलं नाही.

बैठकीत जे सुरू झालं ते मात्र चांगलंच तापलं. पोलंडच्या राज्यशास्त्रज्ञ बाईंचं म्हणणं, सगळ्यांकडून लेखी उत्तरं मागवा. इतिहासकार अडून बसले: सकाळच्यांनी समोरासमोर उत्तरं दिली, दुपारच्यांना आठवडाभर विचार करायला मिळणार, हा कुठला न्याय? मुलाखती पुढे ढकलाव्या, तर पुढच्या आठवड्यात वीज असेल याची हमी कोण देणार? मग ते जरा हळू आवाजात म्हणाले, “आपण निवड करतोय की दया?”

समितीत मला मत नाही, मी इतिवृत्त लिहिते. पण हा प्रश्न मला उडवून लावण्यासारखा वाटला नाही. याच गावात भौतिकशास्त्रज्ञ माक्स बॉर्न प्राध्यापक होते. १९३३ मध्ये नाझी कायद्याने ज्यूंना सरकारी नोकऱ्यांतून काढलं तेव्हा त्यांनाही जावं लागलं. १९३५-३६ मध्ये सहा महिने ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत होते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी त्यांना तिथे कायम करायची खटपट केली, पण सभेत एका इंग्रज प्राध्यापकाने त्यांना स्वदेशातून हाकललेला दुय्यम दर्जाचा परका ठरवलं. प्रकरण बारगळलं, बॉर्न एडिंबरोला गेले. पुढे त्यांना नोबेल मिळालं, हा भाग वेगळा. गॉटिंगनच्या दफनभूमीत त्यांची कबर आहे आणि दगडावर त्यांचं समीकरण कोरलेलं आहे. कुणी भारतातून आलं की मी तिथे घेऊन जाते. निर्वासित विद्वानाकडे ‘गरजू आहे म्हणून घेतला’ या नजरेने बघणं किती लवकर सुरू होतं, हे त्या गोष्टीत आहे. इतिहासकारांना नेमकं तेच टाळायचं होतं.

फक्त त्यांचा उपाय चुकत होता, असं मला वाटतं. मी जळगाव जिल्ह्यातली, भारनियमनाच्या काळात बारावी केलेली. वर्गात ज्यांच्याकडे इन्व्हर्टर होता त्यांचं अक्षरसुद्धा आमच्यापेक्षा चांगलं यायचं. सकाळच्या उमेदवारांना ‘सादरीकरण आणि संवाद’मध्ये वीसपैकी अठरा-एकोणीस पडले होते. मोटारीतल्या बाईला दोघांनी आठ दिले होते, दिवे जातायत हे डोळ्यांनी बघत असताना. गुणपत्रकं गोळा करताना मी तो रकाना अध्यक्षबाईंपुढे नुसता सरकवला.

त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ तो कागद बघितला. मग शिस्तीतच निर्णय दिला. हा रकाना सगळ्यांचा रद्द. तेच चार प्रश्न सगळ्यांना लेखी, सकाळच्यांनाही. प्रत्येकी तीनशे शब्द, मुदत दहा दिवस, माध्यम कुठलंही चालेल. इतिहासकारांनी आपला विरोध इतिवृत्तात नोंदवायला लावला. मी नोंदवला.

उत्तरं येत राहिली. सरकारने ‘नेझलाम्निस्त’ म्हणून जागोजागी तंबू आणि केंद्रं उघडली होती, जिथे वीज, ऊब, चहा आणि इंटरनेट फुकट मिळे. एकाने तिथे रांगेत बसून टंकलेलं. किल्लीवाल्या बाईने वहीच्या पानांचे फोटो पाठवले, मेणबत्तीच्या उजेडात काढलेले, कडेला मेणाचा डाग. विनित्स्याच्या प्राध्यापकाने ध्वनिमुद्रणं पाठवली. बाहेरची भिंत आणि आपण यांच्यात आणखी एक भिंत असावी, असा तिकडे हल्ल्याच्या वेळचा नियम आहे. त्यामुळे तो बोलत होता घराच्या बोळात बसून. मागे भोंगा, मधेच मुलगी काहीतरी विचारते, तो ‘थांब’ म्हणतो आणि वाक्य पूर्ण करतो.

त्याची निवड झाली नाही. सर्वेक्षणाचा आराखडा कच्चा होता, आणि ते सगळ्यांनाच दिसत होतं. पोलंडच्या बाईंनीही त्याला कमीच गुण दिले. कळवणारं पत्र मी लिहिलं, आणि समितीचे सविस्तर आक्षेप त्याला जोडले, एरवी आम्ही जोडत नाही. त्याचं चार ओळींचं उत्तर आलं: दोन आक्षेप मान्य, एक अमान्य, आणि का अमान्य ते. सकाळच्यांपैकी दोघं निवडले गेले. किल्लीवाली बाई यादीत पहिली आली.

तिचा पहिला खर्चाचा अर्ज जानेवारीत आला: एक पोर्टेबल पॉवर स्टेशन, म्हणजे मोठी बॅटरी. आमच्या लेखा विभागातल्या गृहस्थांनी तो परत पाठवला. शेरा: घरगुती उपकरण, संशोधन साहित्य नव्हे. मी तिला कळवलं. तिने कारण लिहून पाठवलं की ती आता साल्तिव्कात परतली आहे, दिवे गेले की जिन्यातले शेजारी फोन चार्ज करायला तिच्याकडे येतात, चार्ज होईपर्यंत बसून राहतात, आणि मुलाखती तेव्हाच होतात.

लेखा विभागाने ते ‘क्षेत्रकार्य’ या सदरात मंजूर केलं. पावती युक्रेनियनमध्ये होती, तेवढी जर्मनमध्ये करून जोडा म्हणाले.