२० ते ३० जानेवारी १९४८ : एका नावाचा प्रवास

गांधीहत्येवर मराठीत बोलणं निघालं की ते लगेच 'का' वर येतं आणि तिथेच रुतून बसतं. फाळणी, पंचावन्न कोटी, नथुरामचं कोर्टातलं निवेदन. या गदारोळात 'ती होऊ कशी दिली' हा प्रश्न मागे पडतो. २० जानेवारीला पहिला प्रयत्न फसला, एक जण जागीच पकडला गेला, तो बोललाही, आणि तरी दहाव्या दिवशी त्याच बिर्ला हाऊसमध्ये त्याच टोळीतल्या माणसाने गोळ्या झाडल्या. मला या विषयात सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट हीच आहे. म्हणून हे दहा दिवस तारखांनिशी मांडतो.

२० जानेवारीची संध्याकाळ. प्रार्थनासभा चालू असताना मदनलाल पाहवाने मागच्या भिंतीजवळ गनकॉटनचा स्फोट घडवला. गोंधळ उडाला की व्यासपीठामागच्या नोकरांच्या खोलीतून, जाळीच्या झरोक्यातून दिगंबर बडगेने हल्ला करायचा, असा बेत होता. बडगे ऐन वेळी त्या खोलीत शिरायला कचरला आणि बेत फसला. बाकीचे निसटले, मदनलाल सापडला. त्याच्याजवळ हातबॉम्बही मिळाला. म्हणजे हे माथेफिरूचं एकट्याचं काम नव्हे, हे पोलिसांना पहिल्या तासातच कळायला हवं होतं, आणि कळलंही होतं.

मदनलाल पंजाबी निर्वासित, मुक्काम अहमदनगरचा. पुढच्या तीन-चार दिवसांतल्या त्याच्या जबानीत दोन धागे आले. एक, नगरचा करकरे. दोन, पुण्याच्या 'हिंदू राष्ट्र' ऊर्फ 'अग्रणी' या वर्तमानपत्राचा चालक. दिल्ली पोलिसांच्या कागदावर करकरेचं 'किरकरी' झालं. तिथलं दप्तर तेव्हा उर्दूत चाले आणि उर्दूत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, त्यामुळे मराठी आडनावाचं असं होण्यात नवल नाही. पण नगरच्या कुठल्याही पोलीस चौकीवर 'किरकरी शेठ' असं नुसतं म्हटलं असतं तरी डेक्कन गेस्ट हाऊसवाले विष्णू करकरे डोळ्यांसमोर उभे राहिले असते.

दुसरा धागा तर याहून सोपा होता. मदनलालने नाव सांगितलं नाही, हुद्दा सांगितला. हुद्द्यावरून नाव काढायचं तर वाट ठरलेली होती. कुठलंही वर्तमानपत्र काढायचं तर तेव्हा १८६७ च्या कायद्याप्रमाणे मॅजिस्ट्रेटपुढे प्रतिज्ञापत्र करावं लागे. शिवाय मुंबई सरकारच्या गृहखात्याकडे प्रांतातल्या वर्तमानपत्रांची यादी असे. तीत 'अग्रणी'च्या ओळीत एन. व्ही. गोडसे, पुणे, असं लिहिलेलं होतं. 'अग्रणी'कडून सरकारने जामीन मागितला होता आणि त्यानंतरच ते पत्र 'हिंदू राष्ट्र' या नावाने निघू लागलं होतं. म्हणजे ज्याचं नाव शोधायचं त्याच्याशी सरकारचा पत्रव्यवहार आधीच झालेला होता.

तिसरी खूण दिल्लीतच पडली होती. कॅनॉट प्लेसमधल्या मरीना हॉटेलात ४० नंबरच्या खोलीत दोघे 'देशपांडे' उतरले होते. ते गेल्यावर त्यांचे धुवायला दिलेले कपडे तिथेच राहिले. त्यांवर धोब्याची खूण होती एन. व्ही. जी. यादीतलं नाव आणि कपड्यावरची अक्षरं एका टेबलावर आली असती, तर तपासात आणखी फारसं काही करायचं उरलं नव्हतं. ती एका टेबलावर आलीच नाहीत.

का आली नाहीत, ते पाहू.

मुंबईत रुईया कॉलेजचे प्राध्यापक जगदीशचंद्र जैन मदनलालला ओळखत. तो त्यांची पुस्तकं विकत असे. त्याने त्यांच्याजवळ कटाची बढाई मारली होती. जैनांना आधी ते खरं वाटलं नाही, पण स्फोटाची बातमी वाचताच २१ तारखेला ते मुख्यमंत्री बाळासाहेब खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे गेले. मोरारजींनी त्याच संध्याकाळी अहमदाबादला निघताना डेप्युटी कमिशनर जमशेद नगरवालांना बॉम्बे सेंट्रल स्टेशनवर बोलावून घेतलं. करकरेला पकडा आणि सावरकरांच्या घरावर नजर ठेवा, असं सांगितलं. (सावरकर पुढे खटल्यात निर्दोष सुटले.) दुसऱ्या दिवशी त्यांनी अहमदाबादेत सरदार पटेलांच्याही कानावर हे घातलं. इथपर्यंत वेग चांगला आहे. पण बातमी देणाऱ्याचं नाव मोरारजींनी नगरवालांना सांगितलं नाही. त्यांचा हेतू जैनांना जपण्याचा होता, हे समजू शकतं. परिणाम मात्र असा झाला की तपास करणाऱ्याला मूळ साक्षीदाराला एकही उलटा प्रश्न विचारता आला नाही.

दिल्लीहून एक डेप्युटी सुपरिंटेंडेंट आणि एक इन्स्पेक्टर विमानाने मुंबईत आले आणि नगरवालांना भेटले. त्या भेटीत 'अग्रणी'चा उल्लेख झाला की नाही, यावर दोन्ही बाजूंच्या साक्षी जुळत नाहीत. निर्विवाद एवढंच की ते दोघे दोन-तीन दिवसांत रिकाम्या हाताने परतले आणि पुण्याला कुणी गेलंच नाही. नगरवाला मुंबई शहर पोलिसांचे. पुणे आणि नगर प्रांतिक पोलिसांकडे, तिथली साखळी वेगळी. नगरवालांनी स्वतःचे खबरे सोडले आणि हा गांधींना पळवून नेण्याचा कट आहे, अशी समजूत करून घेतली. एकदा तो चष्मा लागला की पुण्यातला संपादक कशाला दिसेल?

आता पुण्याच्या सीआयडीचे डीआयजी यू. एच. राणा. ते दिल्लीतच होते. २५ तारखेला इंटेलिजन्स ब्यूरोचे संचालक टी. जी. संजीवी यांच्याकडून त्यांना मदनलालच्या जबानीची प्रत मिळाली. सगळ्या प्रकरणातला हा सगळ्यात मोलाचा कागद, आणि तो योग्य माणसाच्या हाती पडला. राणा रेल्वेने निघाले, तेही अलाहाबादवरून. २७ ला मुंबईत पोहोचले. त्याच २७ तारखेला नथुराम आणि त्याचा कटातला साथीदार नारायण आपटे मुंबईहून विमानाने दिल्लीला गेले. तिकिटांवर नावं होती 'डी. नारायण' आणि 'एन. विनायकराव'. नथुराम विनायक, म्हणजे धड लपवलेलंही नाही.

कागद रेल्वेने आला आणि माणसं विमानाने गेली. दिल्लीहून पुण्याला एक ट्रंक कॉल लावता आला असता. पाच मिनिटांचं बोलणं. पुढे चौकशी आयोगाचे न्यायमूर्ती कपूर यांनी राणांच्या या प्रवासावर कडक बोट ठेवलं ते उगाच नाही.

दिल्लीहून दोघे ग्वाल्हेरला डॉ. दत्तात्रय परचुरे यांच्याकडे गेले. तिथे ९ मिलिमीटरचं बेरेटा पिस्तूल मिळालं, नंबर ६०६८२४. २९ ला ते दिल्लीत परत आले आणि जुन्या दिल्ली स्टेशनच्या विश्रामगृहात खोली घेऊन राहिले.

बिर्ला हाऊसवर स्फोटाआधी एक हेड कॉन्स्टेबल आणि ४ शिपाई असत. स्फोटानंतर पहारा वाढवला, साध्या वेशातले पोलीसही आले. सभेला येणाऱ्यांची झडती घ्यायला गांधीजींनी साफ नकार दिला, आणि पोलिसांनी तो नकार म्हणजे शेवटचा शब्द मानला. माझं म्हणणं असं की झडती हा एकच उपाय नव्हताच. नथुराम, आपटे, बडगे, करकरे यांना तोंडओळखीने जाणणारे शिपाई पुण्यात आणि नगरात होते. त्यातले चार जण साध्या कपड्यांत फाटकाशी उभे केले असते, तर गांधीजींच्या तत्त्वाला धक्का न लावता काम झालं असतं. कपूर आयोगाने ही उणीव स्पष्ट नोंदवली आहे. ३० तारखेपर्यंत असा एकही माणूस दिल्लीला पाठवला गेला नाही. पहारा वाढला, पण पाहायचं कुणाकडे हे पहारेकऱ्यांना ठाऊक नव्हतं. सरदारांशी बोलणं लांबलं म्हणून गांधीजींना त्या दिवशी उशीर झाला. ५ वाजून १७ मिनिटांनी तीन गोळ्या.

आणि आता तेच पोलीस पाहा. ३१ जानेवारीला पुण्यात बडगे सापडला. ५ फेब्रुवारीला नथुरामचा भाऊ गोपाळ गोडसे. १४ फेब्रुवारीला मुंबईत आपटे आणि करकरे. बडगेचं पुण्यात शस्त्रभांडार होतं, दुकान होतं. त्याला शोधायला चोवीस तासही लागले नाहीत. हे वाचताना दर वेळी पोटात खड्डा पडतो.

नावाला गती आली ती हत्येनंतर, आणि तीही भलत्याच दिशेने. मारेकऱ्याचं आडनाव कळताच सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरं, वाडे, दुकानं पेटवली गेली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जाळला. दादरला सावरकरांचे धाकटे भाऊ डॉ. नारायणराव सावरकर यांच्यावर जमावाने दगडफेक केली. ते त्या जखमांतून नीट सावरलेच नाहीत आणि १९४९ मध्ये गेले. खेडोपाडीची कितीतरी कुटुंबं नेसत्या वस्त्रानिशी पुण्या-मुंबईला आली. त्याच वर्षी कुळकायदाही आला, त्यामुळे परतण्याचं कारणही अनेकांना उरलं नाही. ज्यांनी कटाचं नावही ऐकलं नव्हतं, त्यांनी हे भोगलं. आमच्याकडे यावर अजूनही दबक्या आवाजातच बोलतात. ते मोकळेपणाने लिहायला हवं, आणि हत्येचं समर्थन म्हणून ते वापरणाऱ्यांच्या हाती न देता लिहायला हवं.

लाल किल्ल्यातल्या खटल्याचा निकाल १० फेब्रुवारी १९४९ ला लागला. न्यायाधीश आत्माचरण यांनी २० ते ३० जानेवारीच्या तपासातली ढिलाई केंद्र सरकारच्या नजरेस आणून दिली. थोडी तत्परता दाखवली असती तर ही घटना बहुधा टळली असती, असं त्यांनी निकालपत्रातच म्हटलं. त्यावर पंधरा वर्षं काही हललं नाही.

हललं ते १२ नोव्हेंबर १९६४ ला, पुण्यातच. सुटून आलेल्या गोपाळ गोडसे आणि करकरे यांच्या सत्कारासाठी उद्यान कार्यालयात सत्यविनायकाची पूजा झाली. तिथे ग. वि. केतकर, लोकमान्य टिळकांचे नातू, बोलून गेले की नथुरामचा बेत आपल्याला आधीच ठाऊक होता आणि बाळूकाका कानिटकरांमार्फत आपण खेरांना तो कळवला होता. संसदेत, विधानसभेत गदारोळ झाला आणि चौकशी आयोग नेमावा लागला. न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांनी १०१ साक्षीदार तपासून १९६९ मध्ये अहवाल दिला. तोवर खेर नव्हते आणि सरदारही नव्हते. वर्तमानपत्रांची ती यादी मात्र होती. 'अग्रणी'च्या ओळीतलं नावही जसंच्या तसं होतं.