बार्बास्त्रो: चॉकलेटच्या कागदावरच्या चाळीस सह्या

माद्रिदहून वेगवान रेल्वेने सारागोसा, तिथून बसने वेस्कामार्गे बार्बास्त्रो. गावात रेल्वे येत नाही, त्यामुळे परतीच्या बसची वेळ आधीच बघून ठेवा. मी पोचलो दुपारी अडीचला आणि क्लॅरेशियन या कॅथलिक संघातल्या रक्तसाक्ष्यांच्या, म्हणजे श्रद्धेपायी मारल्या गेलेल्यांच्या, म्युझियमचं दार बंद! दुपारी स्पेनमधलं छोटं गाव झोपतं, हे माहीत असूनही विसरलो होतो. सकाळीच जा, आणि निघण्याआधी उघडण्याच्या वेळा विचारून घ्या.

मग तोवर चौकात बसलो. तेही बरंच झालं. नगरपालिका आणि एस्कोलापियोस फादरांची शाळा याच चौकात. जुलै १९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी पेटली आणि चर्चविरोधी डाव्या गटांनी क्लॅरेशियन सेमिनरीतली, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या शाळेतली, पोरं धरून आणली, ती याच शाळेच्या सभागृहात कोंडली. बहुतेक जण एकवीस ते पंचवीस वर्षांचे, महिनाही झाला नव्हता गावात येऊन. २ ऑगस्टला तीन वरिष्ठांना मारलं. मग १२, १३, १५ आणि १८ तारखेला तुकड्या-तुकड्यांनी बाकीचे. एकूण ५१. अर्जेंटिनाचे दोघे परदेशी म्हणून सुटले आणि आतली हकीकत बाहेर आली.

संध्याकाळी दार उघडलं. खरं सांगतो, हाडांच्या पेट्यांपुढे मी फार वेळ थांबलो नाही. थांबलो तो चॉकलेटच्या वेष्टनापाशी. लिहायला कागद नव्हता, तेव्हा जेवणात मिळालेल्या चॉकलेटचं वेष्टन उलटं करून १२ ऑगस्टला निरोप लिहिलाय. खाली त्या दिवशी उरलेल्या चाळीस जणांच्या सह्या, आणि बहुतेकांनी सहीआधी एकेक ओळ लिहिलेली. अक्षरं दाटीवाटीची, कोपऱ्यात सरकवलेली, उशिरा आलेल्याला जागा करून द्यावी तशी. पियानोच्या स्टुलावरही त्यांनी लिहून ठेवलंय. इथे घाई करू नका. माहिती स्पॅनिशमध्ये, म्हणून फोनवर भाषांतराचं ॲप हवंच.

बिशप फ्लोरेंतीनो आसेन्सियो यांनाही त्याच ऑगस्टमध्ये मारलं. त्यांच्यासाठी कॅथेड्रलमध्ये जाऊन या. या धर्मप्रांतातल्या दहा धर्मगुरूंपैकी जवळपास नऊ गेले. जिप्सी समाजातला घोड्यांचा व्यापारी सेफेरीनो हिमेनेस मायाही इथलाच. एका धर्मगुरूची बाजू घेतली आणि खिशात रोझरी (जपमाळ) सापडली, एवढं पुरलं. १९९२ मध्ये त्या ५१ क्लॅरेशियनांना धन्य (संतपदाआधीची पायरी) घोषित केलं, सेफेरीनोला १९९७ मध्ये.

आम्हा वसईकरांना जपानमध्ये रक्तसाक्षी झालेल्या आमच्या संत गोन्सालो गार्सियामुळे रक्तसाक्षी घरचेच वाटतात, पण इथे गप्पा मारताना जरा जपून. यादवीतल्या विरुद्ध बाजूच्या, जनरल फ्रँकोच्या सैन्यानेही उत्तर स्पेनमधल्या बास्क धर्मगुरूंना गोळ्या घातल्या होत्या, आणि पुढे चर्च त्याच्याच पंखाखाली गेलं. गावात दोन्ही बाजूंच्या घरची माणसं आहेत. विचारण्यापेक्षा ऐका.

ऑगस्टमध्ये गेलात तर ऊन कडक. टोपी, पाणी सोबत ठेवा. बेर्बेगालच्या रस्त्यावर जिथे गोळ्या घातल्या तिकडे चालत जायचं असेल तर भल्या पहाटेच निघा. परत आल्यावर बाजारात बार्बास्त्रोचा गुलाबी टोमॅटो मिळतो, हाताच्या ओंजळीएवढा. मीठ आणि तेल घालून खा.