सातपूरच्या जर्मन वर्गापासून आमची वाटचाल

नाशिकमध्ये जर्मन शिकवायला लागले तेव्हा परदेशी शिक्षणाचं काम डोक्यातही नव्हतं. सातपूरला जर्मन बॉश समूहातली मायको कंपनी होती. २००८ साली तिचं नाव बॉश झालं, पण मायको सर्कलला अजून सगळे मायको सर्कलच म्हणतात. कंपनीतल्या आणि तिला माल पुरवणाऱ्या लहान कारखान्यांतल्या लोकांना कामापुरतं जर्मन हवं असायचं. पहिली शिफ्ट सुटली की मंडळी डबा हातात घेऊनच वर्गाला यायची. मी शिकवायचे, मिस्टर फी आणि हिशेब सांभाळायचे.

पुढे याच लोकांची मुलं इंजिनिअर झाली आणि वर्गाला यायला लागली. ‘मॅडम, एमएसला जर्मनीला जायचंय, अर्जाचं जरा बघाल का?’ असं एकाने विचारलं, मग त्याच्या मित्राने विचारलं. बघता बघता एका खोलीतला वर्ग आणि शेजारच्या खोलीतलं फाइलींचं काम अशी आमची फर्म उभी राहिली.

सुरुवातीपासून एक नियम आम्ही सोडलेला नाही. ए२, म्हणजे भाषेच्या सहा पातळ्यांपैकी दुसऱ्या पातळीपर्यंत जर्मन झाल्याशिवाय आम्ही कोणाची फाइल हातात घेत नाही. यावर पालक नाराज होतात. कोर्स इंग्रजीतच आहे, मग ही सात-आठ महिन्यांची मेहनत कशाला, असं म्हणून बरेच जण दुसरीकडे गेले, आजही जातात. पण गेलेल्या मुलांचे फोन आम्ही वर्षानुवर्षं ऐकतोय, आणि त्या फोननीच हा नियम पक्का केला.

निफाडकडची एक मुलगी माग्डेबुर्गला गेली. तिची शिकवणी इंग्रजीत, प्राध्यापक इंग्रजीत, वर्गात निम्मी मुलं आपलीच. अडचण विद्यापीठाच्या फाटकाबाहेर सुरू झाली. तिकडे सगळा कारभार टपालाने चालतो. पत्त्याची नोंदणी नगरपालिकेत करायची, त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. ती नोंदणी झाली की विम्याचं पत्र, कराच्या क्रमांकाचं पत्र, रेडिओ-टीव्हीच्या शुल्काचं पत्र एकामागून एक येतं. सगळी जर्मनमध्ये. डिसेंबरात चारच्या सुमारास अंधार पडतो, रविवारी दुकानं बंद, आणि टेबलावर ही न वाचलेली पत्रं. ती मुलगी मात्र शब्दकोश घेऊन बसायची आणि एकेक पत्र लावायची. दात दुखायला लागला तेव्हा दवाखान्यात फोन करून तिने स्वतः वेळ घेतली आणि त्या रात्री मला मोठ्या आनंदाने कळवलं, ‘मॅडम, समोरची बाई एकदाही इंग्रजीत बोलली नाही!’ तिच्या खोलीशेजारचा एक मुलगा विम्याचं पत्र महिनाभर उघडत नव्हता. हुशार मुलगा, पण भाषा नाही म्हणून घाबरून गेला होता.

अभ्यासाचं म्हणाल तर पुणे विद्यापीठात शिकलेल्या मुलांना सर्वांत जड जाते ती परीक्षा. इथे एटीकेटी असते, विषय राहिला तर पुढे निघतो. जर्मनीत बऱ्याच विद्यापीठांत एका विषयाला सहसा तीनच संधी असतात. तिसऱ्यांदा नापास झालं की नाव कमी होतं, आणि त्याच अभ्यासक्रमाला देशात दुसरीकडेही सहसा घेत नाहीत. शिवाय परीक्षेसाठी मुदतीत ऑनलाइन नाव नोंदवावं लागतं, ते राहिलं तर बसताच येत नाही. अनेक विषयांत इंटर्नलचे गुण नसतात, एकाच लेखी पेपरवर सगळं. हे मुलांना आम्ही निघण्याआधी सांगतो आणि आई-वडिलांनाही सांगतो, कारण पहिल्या सेमिस्टरला मुलगा फोनवर गप्प का झालाय हे घरात कळायला हवं. गुणही तिकडे उलटे. १.० म्हणजे सर्वोत्तम, ४.० म्हणजे जेमतेम पास. ओझरच्या एका काकांचा मला घाईघाईने फोन आला होता, ‘ताई, पोरगं एक पूर्णांक सात म्हणतंय, वर्ष वाया गेलं का हो?’ तो वर्गात पहिल्या काहींत होता. काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांना बोलवेना.

पैशाची बाजू नाशिक जिल्ह्यात वेगळी आहे, आणि ती शहरातल्या सल्लागारांना पटकन कळत नाही. दिंडोरी, निफाड, पिंपळगावच्या घरांत दहा-दहा एकर द्राक्षबाग असते, जमिनीची किंमत कोटीत. पण सातबारा घेऊन बँकेत गेलं की एज्युकेशन लोनला शेतजमीन तारण चालत नाही असं उत्तर मिळतं. थकलेल्या कर्जापोटी तारण जप्त करू देणारा २००२चा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू नाही, त्यामुळे बँकेला कोर्टात न जाता ती जप्त करून वसुली करता येत नाही. मग एखाद्या मामाचा बिगरशेती (एनए) प्लॉट शोधा, नाहीतर जास्त व्याजाचं विनातारण कर्ज घ्या. जर्मनीला व्हिसासाठी आधी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो भरावे लागतात, म्हणजे दहा-बारा लाखांच्या घरात. त्यातले महिन्याला ९९२ तिकडे हातात पडतात. बागेचा पैसा येतो फेब्रुवारी ते एप्रिल, तोही गारपीट झाली नाही आणि व्यापाऱ्याने बुडवला नाही तर. म्हणून शेतकरी कुटुंबांची लोनची कागदपत्रं आम्ही आदल्या दिवाळीतच काढायला लावतो. बरीच मुलं निघतात सप्टेंबर-ऑक्टोबरात, नेमकी बागेच्या छाटणीच्या वेळी. कित्येक वडील मुंबई विमानतळापर्यंतसुद्धा जाऊ शकलेले नाहीत.

पहिलं वर्ष त्या ब्लॉक्ड अकाउंटमुळे निभतं. खरा कस दुसऱ्या वर्षी लागतो, जेव्हा तिकडे राहण्याचा परवाना वाढवायला पुन्हा पैसे दाखवायचे असतात आणि घरून पाठवायला हात आखडलेला असतो. मार्च २०२४पासून विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, पूर्वी १२० आणि २४० होते. पण काम कसलं? बी१, म्हणजे ए२च्या पुढची पातळी झालेल्या मुलाला कंपनीत त्याच्या शाखेचं काम मिळण्याची शक्यता असते. भाषा नसलेला गोदामात रात्रपाळीला खोकी उचलतो आणि सकाळी लेक्चरला डुलक्या देतो. दोघेही आमच्याच वर्गातले असू शकतात. एकाने ए२ नंतर शिकणं सोडलं, एकाने चालू ठेवलं.

कोरोनात वर्ग बंद पडले, व्हिसाची कामं थांबली. त्या काळात ऑनलाइन शिकवण्याने आम्हाला तारलं. १ नोव्हेंबर २०२२पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएसचं, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं प्रमाणपत्र सक्तीचं झालं, तेव्हापासून गुणपत्रिकांवरच्या नावाच्या स्पेलिंगपर्यंत सगळं आधी तपासून ठेवतो. फी आम्ही फक्त विद्यार्थ्याकडून घेतो, कोणत्याही कॉलेजकडून कमिशन नाही. ऑफिस मोठं झालं नाही याचं तेही एक कारण असेल, पण त्यामुळे एखाद्याला ‘तू यंदा जाऊ नकोस’ असं मोकळेपणाने सांगता येतं, आणि आम्ही ते सांगतो.

रविवारी संध्याकाळी साडेसातला आमच्याकडे पालक जमतात. हिवाळ्यात तिकडे तेव्हा दुपारचे तीन वाजलेले असतात, दुकानं बंद असल्याने सीनिअर मुलं घरीच सापडतात. ती व्हिडिओवर येतात आणि खोली कशी शोधली, कोणत्या विषयात अडकलो, दिवाळीला काय केलं हे सगळं सांगतात. आम्ही मध्ये बोलत नाही. शेवटी आयांचे प्रश्न असतात, ते बहुतेक जेवणाचे.

आमच्याकडून गेलेला एक मुलगा तिकडे मास्टर्स आणि काही वर्षं नोकरी करून परतला. आता नाशिकमध्येच अंबडला कारखान्यात आहे आणि संध्याकाळी आमच्याकडे बी१च्या मुलांना संभाषण शिकवतो. त्याच्या तासाला पुस्तक नसतं. एकाने घरमालक व्हायचं, एकाने भाडेकरू; एकाने दवाखान्यातली बाई, एकाने पेशंट, आणि एकमेकांकडे पाठ करून बोलायचं, कारण फोनवर हातवारे दिसत नाहीत. हिवाळी सेमिस्टरच्या अर्जाची मुदत बऱ्याच विद्यापीठांत १५ जुलैला संपते. त्या हिशेबाने पुढच्या वर्षी जाणाऱ्यांची ए१ची बॅच आम्ही गणपती झाल्यावर लगेच सुरू करतोय.