शिल्लक राहिलेले २१ सेकंद

नाशिक आणि दिंडोरी लोकसभेच्या मतदानाला तीन आठवडे उरले असताना, एप्रिल २०२४ च्या अखेरीस, आमच्या स्थानिक वाहिनीवर कांदा निर्यातबंदीवरील चर्चेचे सूत्रसंचालन मी केले.

घड्याळ सांभाळले की चर्चा न्याय्य होते, असा समज आहे. प्रत्येकाला ९० सेकंद आम्ही देतोच. खरी काळजी इतरत्र घ्यावी लागते. बोलण्याचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवतो आणि दर फेरीत उलटवतो, कारण ज्याचे बोलणे शेवटी, तेच प्रेक्षकांच्या लक्षात राहते. हळू बोलणाऱ्याचा माईक आधीच वाढवून ठेवतो. एक जण बोलत असताना दुसऱ्याचा उपहासाने हसणारा चेहरा पडद्यावर दाखवायचा नाही, हा नियम मी भांडून लावून घेतला. सहा-आठ चौकटींत माणसांना ओरडायला बसवणाऱ्यांना त्याचे मोल कधी कळले नाही.

त्या दिवशी सत्ताधारी प्रवक्ते म्हणाले, "निर्यात खुली झाली." मी त्यांना थांबवले आणि कागद पाहून सांगितले की, ८ डिसेंबर २०२३ ची बंदी कायम आहे, २७ एप्रिलला जाहीर झालेली ९९,१५० टनांची परवानगी सहा देशांपुरतीच आहे. पुढच्या फेरीत विरोधी प्रवक्ते म्हणाले, "गुजरातचा कांदा जाणार, महाराष्ट्राचा एक किलोही नाही." गुजरातच्या २,००० टन पांढऱ्या कांद्याला परवानगी मिळाली होती, हे खरे, पण त्या सहा देशांसाठीचा कांदा मुख्यतः महाराष्ट्रातूनच घेतला जाणार होता आणि तसे लिहिलेला कागद माझ्या हातात होता. मी बोलले नाही. माझे माहेर निफाड तालुक्यातले. बंदीनंतर लासलगावला पडलेले भाव मी भावाच्या हिशेबपट्टीवर पाहिले होते, आणि ते वाक्य कोणीतरी बोलावे असे मला मनातून वाटत होते.

माईक काढताना सत्ताधारी प्रवक्ते शांतपणे म्हणाले, "ताई, मला अडवलंत ते योग्यच होतं. त्यांना का नाही अडवलं?" वेळ संपत आली होती, असे मी उत्तर दिले. नंतर ध्वनिचित्रमुद्रण पाहिले, तर त्या फेरीचे २१ सेकंद शिल्लक होते.

दुसऱ्या दिवशीच्या बातमीपत्रात मी दुरुस्ती वाचून दाखवली. ४ मे रोजी प्रतिटन ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून बंदी उठली. तेव्हापासून चर्चेतील आकड्यांचे कागद मी सर्व प्रवक्त्यांना आदल्या रात्री पाठवते. त्या प्रवक्त्यांना मात्र खरे कारण अजून सांगितलेले नाही.