बंपर लाल की चकचकीत? आमच्या फायर टेंडरची अडकलेली फाईल

आमच्या कंपनीच्या नव्या फायर टेंडरचा, म्हणजे आगीच्या बंबाचा, पुढचा बंपर लाल रंगाचा आहे. साधा, रंगवलेला. तो तसा व्हावा म्हणून मला जेवढी कागदपत्रं गोळा करावी लागली, तेवढी त्या गाडीच्या पंपासाठीही लागली नव्हती. पाण्याची टाकी बसली, फोमची बसली, होज रील बसली, हूटर वाजवून झाला, आणि गाडी बॉडीवाल्याच्या शेडमध्ये बिनबंपरची उभी. समोरून चेसिसची दोन उघडी टोकं दिसायची. आमच्या खरेदी विभागाला रंगाचा बंपर मंजूर करण्याआधी क्रोमचा बंपर रीतसर नाकारायचा होता, आणि नाकारायलाही तीन कोटेशनं लागतात, हे ज्ञान मला तेव्हा झालं.

मी महाप्याला एका रसायन कारखान्यात सेफ्टी बघते. चेसिस कुठली, पंप केवढा, पाणी किती, फोम किती, हे सगळं फार खळखळ न होता ठरलं. रंगाचंही ठरलेलंच असतं: आयएस ५ या भारतीय मानकाच्या रंगपट्टीतला ५३६ नंबर, फायर रेड. घोळ झाला तो इंडेंटवर (खरेदीच्या मागणीपत्रावर) प्लांट हेड साहेबांची सही होताना. साहेब नुकतेच अमेरिकेत मुलीकडे राहून आले होते. तिकडच्या फायर स्टेशनबाहेर आरशासारख्या बंपरच्या गाड्या त्यांनी पाहिल्या होत्या, फोटोही काढले होते. सही करता करता त्यांनी ‘फ्रंट बंपर: पेंटेड’ याच्यापुढे पेनाने एक तिरकी रेघ मारली आणि लिहिलं, ‘क्रोम’. म्हणाले, "बघा जमलं तर." ही दोन अक्षरं म्हणजे साहेबांच्या लेखी हौस होती. परचेसच्या लेखी तो ‘ऑप्शन टू’ झाला.

हौस एकट्या साहेबांची नव्हती, हेही सांगायला हवं. आमचे डीसीपीओ काका (ड्रायव्हर-कम-पंप-ऑपरेटर, गाडीही तेच चालवतात, पंपही तेच) क्रोमच्याच बाजूचे. दर १४ एप्रिलला, १९४४ मध्ये मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या अग्निशमन जवानांच्या स्मरणार्थ आम्ही गेटवर गाडी उभी करतो, मानवंदना होते. दसऱ्याला झेंडूचे हार तर बंपरवरच चढतात. काकांचं म्हणणं, "मॅडम, रंग काय, ट्रकलाही असतो. बंबाचं तोंड चमकायला हवं." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. काका गाडी पुसतात तशी लोक स्वतःची गाडीही पुसत नाहीत.

पण माझी भीती वेगळी होती. ठाणे-बेलापूर पट्ट्यात एका बाजूला खाडी आहे, खारी हवा चोवीस तास. त्यात आमच्या आवारात हायड्रोक्लोरिक आम्लाची टाकी. टँकर रिकामा होताना स्क्रबर (वाफा धुऊन काढणारं यंत्र) चालू असला तरी थोडा वास येतोच, आणि त्या बाजूचे नटबोल्ट किती लवकर लाल होतात ते मी रोज बघते. गाडीची शेड तिथून फार लांब नाही.

म्हणून मी परचेसला मेल केला: पेंटेड नक्की करा, क्रोम नको, सेफ्टीची शिफारस सोबत जोडली आहे. उत्तर आलं की इंडेंटमध्ये दोन पर्याय आहेत, तेव्हा तुलनात्मक तक्त्यात दोन्ही पर्याय हवेत, आणि पॉलिसीप्रमाणे प्रत्येक पर्यायाला किमान तीन ऑफर. मी खाली उतरून त्यांच्या टेबलाशी गेले. म्हटलं, सर, जो पर्याय आपल्याला नकोच आहे त्याच्या ऑफर कशाला? ते शांतपणे म्हणाले, "नको आहे हे कशावरून ठरवलं, ते ऑडिटला दाखवावं लागेल ना." मग इंडेंट बदलू या, म्हटलं. तर इंडेंट बदलायचं म्हणजे अमेंडमेंट, पुन्हा त्याच सह्या, फायनान्सचीसुद्धा. आणि फायनान्सने एकदा पास केलेली रक्कम पुन्हा उघडली की ती पुढच्या तिमाहीत जाण्याची शक्यता. त्यापेक्षा तीन कोटेशनं आणणं सोपं, असं आम्हा दोघांनाही वाटलं. ते टेबलापलीकडे बसून वाटलं त्यांना, आणण्याचं काम आलं माझ्याकडे.

(ज्यांचं इंडेंट अजून सहीला जायचंय त्यांनी इथेच थांबून एकदा वाचा. ‘/’, ‘किंवा’, ‘शक्य असल्यास’ यातलं काहीही त्यात राहू देऊ नका. साहेबांना हौस असेल तर ती तोंडी राहू द्या.)

मग सुरू झाली प्लेटिंगवाल्यांची वारी. ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून भाईंदर, वसईपर्यंत. बहुतेक ठिकाणी काम चालतं नळांचं, बाथरूम फिटिंगचं, खुर्च्यांच्या पायांचं. त्यांच्या टाक्या त्या मापाच्या. आमचा बंपर गाडीच्या रुंदीएवढा, आठ फुटांच्या आसपास. मोबाइलवर फोटो बघून सगळे हो म्हणायचे आणि माप ऐकलं की मान हलवायचे. एकाने सुचवलं, आधी अर्धा बुडवू, मग उलटा करून उरलेला. मधोमध जोडाची रेघ दिसेल का, विचारलं तर म्हणाला, "दिसेल, पण त्यावर नंबर प्लेट येईल." दुसऱ्याने तीन तुकडे करून नंतर बोल्टने जोडायचा सल्ला दिला. ज्याला टो हुक लागतो, जो धक्का खायलाच असतो, तो बंपर तुकड्यांत!

या फिरण्यात मला राग आला तसं शिकायलाही मिळालं, नाही म्हणणार नाही. आपण ज्याला क्रोम म्हणतो त्यात क्रोम जेमतेम असतो, साधारण पाव ते अर्धा मायक्रॉन. चमक आणि गंजापासूनचं संरक्षण दोन्ही येतं खालच्या निकेलमुळे. त्याच्याखाली बहुतेक वेळा तांब्याचा थर. त्यामुळे प्लेटिंगवाल्याला ‘क्रोम कसा करता?’ असं विचारून उपयोग नाही. निकेल किती मायक्रॉन आणि एकेरी की डुप्लेक्स, म्हणजे सेमी ब्राइट निकेलवर ब्राइट निकेल, हे विचारा. आयएस १०६८ या मानकात कुठल्या वापराला किती थर याचे वर्ग दिले आहेत. उघड्यावर, खाऱ्या हवेत राहणाऱ्या वस्तूला घरातल्या खुर्चीचा थर चालत नाही. हा प्रश्न टाकला की समोरचा दोन मिनिटांत कळतो. काही जण आकडा सांगतात, काही जण म्हणतात, "मॅडम, एकदम गाडी जैसा चमकेगा."

आणि या थरांत एक वाईट गोष्ट अशी की टाचणीच्या टोकाएवढं छिद्र पडलं तरी गंज तिथेच एकवटतो. निकेल आणि क्रोम शाबूत राहतात, खालचं लोखंड त्यांच्या वाटचंही गंजतं. वरून चमक तशीच दिसते आणि एक दिवस पापुद्रा निघतो. रंगवलेल्या बंपरला ओरखडा पडला तर आमचा पेंटर दुपारच्या सुट्टीत तो भरून काढतो. क्रोमचा ओरखडा भरता येत नाही, पूर्ण बंपर उतरवायचा, जुना थर काढायचा, बफिंग, पुन्हा सगळे थर. तोपर्यंत गाडी पुन्हा बिनबंपरची.

जुना थर कशाने काढता, हे मी वसईतल्या एका वयस्कर मालकांना सहज विचारलं. ते म्हणाले, "क्रोम होय? हायड्रोक्लोरिकमध्ये सोडायचा. बघता बघता जातो." मी त्यांना आमच्या टँकरबद्दल सांगितलं, तर हसायलाच लागले. म्हणाले, मग तुम्ही माझ्याकडे कशाला आलात? मी म्हटलं, काका, मला तुमचा नकार हवाय, पण लेटरहेडवर.

त्याचं असं झालं होतं. तोवर माझ्याकडे एक धड कोटेशन आलं होतं, मोठी टाकी असलेल्याचं, आणि त्याचा दर रंगाच्या कितीतरी पट होता. दुसरं आलं ते आमच्या पर्यावरण विभागाने बाद केलं. क्रोम प्लेटिंगच्या सांडपाण्यात हेक्साव्हॅलंट क्रोमियम असतं, ते कर्करोगकारक आहे. आधी त्याचं रासायनिक पद्धतीने ट्रायव्हॅलंट करायचं, मग गाळ काढायचा, यासाठी प्रक्रिया यंत्रणा लागते. त्यामुळे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची चालू संमती दाखवल्याशिवाय आम्ही कुणालाही काम देत नाही. या गृहस्थांनी संमतीची प्रत मागितल्यावर फोन उचलणंच बंद केलं. नियम योग्यच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण माझा तक्ता पुन्हा एकावर आला.

तेव्हा स्टोअर्समधल्या एका ताईंनी जाता जाता सांगितलं, "अगं, रिग्रेट पण ऑफरमध्येच धरतात." म्हणजे विक्रेत्याने ‘आम्ही हे काम करू शकत नाही’ असं लेखी कळवलं तर तोही प्रतिसाद. हे परचेसच्या सरांना माहीत नव्हतं असं कसं म्हणू? मी विचारलं नाही म्हणून त्यांनी सांगितलं नाही, असं त्यांचं म्हणणं. मी इतकी चिडले होते की त्या दिवशी डबाही खाल्ला नाही.

मग ज्यांनी ज्यांनी मान हलवली होती त्यांना पुन्हा फोन. नकार द्यायला सगळे तयार, लिहून द्यायला कुणी नाही. ज्या कामाचे पैसे मिळणार नाहीत त्यासाठी लेटरहेड कोण खर्च करणार? एकाने व्हॉट्सअॅपवर ‘नॉट पॉसिबल मॅडम’ पाठवलं. परचेसला ते चालेना. लेटरहेड, शिक्का, जीएसटी नंबर हवा. शेवटी वसईच्या काकांनी माझ्यासमोर बसून लिहिलं, "आपला बंपर आमच्या टाकीत बसत नाही, क्षमस्व." शिक्का मारला आणि चहाही पाजला. दुसरं रिग्रेट वागळे इस्टेटमधून मेलवर आलं. तक्ता भरला. क्रोम रीतसर नाकारला गेला.

मध्ये एकदा स्टेनलेसचंही निघालं होतं. अमेरिकेत पॉलिश केलेल्या स्टेनलेसचे बंपरही असतात, हे खरं. पण आपल्याकडे सहज मिळणारं ३०४ ग्रेडचं स्टेनलेस खाडीच्या हवेत ठिपके धरतं, आम्लाच्या वाफेत तर जास्तच. ३१६ घ्यायचं तर किंमत, आणि चेसिसचा मूळ बंपर टाकून नवा घडवायचा. तो तिसरा पर्याय इंडेंटमध्ये चढू नये म्हणून मी मीटिंगमध्ये तोंड मिटून बसले. साहेबांनी मग पुढे पाइपचा क्रोम गार्ड तरी लावू या, असं काढलं. ते मात्र मी लगेच मोडलं: डिसेंबर २०१७ च्या केंद्राच्या परिपत्रकाप्रमाणे क्रॅश गार्ड, बुल बार बसवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चं उल्लंघन आहे. साहेबांना कायद्याचा आकडा सांगितला की पटतं.

रंगाचं काम पटकन झालं. पावडर कोटिंगचा पर्याय होता, सेव्हन टँक प्रक्रिया (सात टाक्यांतून धुणं आणि तयारी) करून भट्टीत भाजलेलं कोटिंग दणकट असतंच. पण नंतरचा ओरखडा पावडरने भरता येत नाही, त्यासाठी शेवटी ओला रंगच आणावा लागतो. म्हणून आम्ही थेट तोच घेतला: ब्लास्टिंग, झिंकवाला इपॉक्सी प्रायमर, वर टू-पॅक पीयू, म्हणजे हार्डनर मिसळून लावायचा पॉलियुरेथेन रंग. आतल्या बाजूलाही. बाहेरून सुंदर आणि आतून नुसता प्रायमर, असं बॉडीवाले हमखास करतात, त्यामुळे बंपर बसण्याआधी आरसा आणि टॉर्च घेऊन जा.

हे आधीच लिहायला हवं होतं: रंग असो की क्रोम, सगळी भोकं आधी पाडून घ्या. हूटरची, फॉग लॅम्पची, टो हुकची आणि नंबर प्लेटची. हाय सिक्युरिटी प्लेट बसवणारा शेवटी येतो आणि जिथे सोयीचं वाटेल तिथे ड्रिल लावतो. नव्या फिनिशमधून ड्रिल गेलं की त्या कडेचं लोखंड उघडं पडतं, आणि गंजाची सुरुवात तिथूनच. आम्ही प्लेटचं माप आधी मिळवून भोकं पाडली आणि मग रंग दिला. पासिंगच्या आधी रिफ्लेक्टिव्ह टेपही बघून घ्या: पुढे पांढरी, बाजूंना पिवळी, मागे लाल. बॉडीवाल्याने आमच्या गाडीला पुढेही पिवळीच लावून ठेवली होती, ती सोलून काढावी लागली.

आमच्या डीसीपीओ काकांचा रुसवा थोडा गेला आहे. त्यांनी पीयूवर मेणाचं पॉलिश चढवून बंपर असा केला आहे की त्यात गेटवरचा वॉचमन दाढी बघतो.

रंगाचं बिल चुकतं करताना उरलेला रंग मागून घ्या. डब्यावरचा बॅच नंबर गाडीच्या फाईलमध्ये लिहून ठेवा, कारण ५३६ नंबर तोच असला तरी दोन बॅचमध्ये थोडा फरक पडतो. हार्डनर लहान डब्यात घ्या. एकदा उघडला की तो दमट हवेत घट्ट होतो, आणि नवी मुंबईतल्या पावसाळ्यात तर लगेचच.