तुम्ही विचारलेत म्हणून: बाईचे रूप कशासाठी?

गेली काही वर्षे मला एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला जात आहे. माझ्या सेवा केंद्रात सातबारा काढायला आलेल्या मुलांना संगणकाच्या पडद्यावर नऊवारीतली बाई चालताना दिसते आणि ती हळूच विचारतात, "भाऊ, हे तुम्हीच होय का?" घरची माणसे तोच प्रश्न काळजीच्या सुरात विचारतात. शिकलेले मित्र तो नीट मांडतात: पुरुष असून तुम्ही संगणकातल्या त्या जगात बाईच्या रूपाने का वावरता, आणि मग खरे तुम्ही कोणते? आजवर मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. विचारणाऱ्यांनी मात्र आस्थेने विचारले होते, म्हणून या वेळी सविस्तर लिहितो.

ते जग म्हणजे सेकंड लाइफ. लिंडेन लॅब या अमेरिकन कंपनीने ते २००३ मध्ये सुरू केले. त्याला खेळ म्हणणे मला कधी जमले नाही, कारण तिथे जिंकायचे काही नसते. तुम्ही एक देह घेता, चालता, बोलता, जमीन घेता, आणि घन, गोल, नळकांडे अशा मूळ आकारांतून घर, झाड किंवा बैलगाडी, जे सुचेल ते, स्वतः घडवता. मी २००९ मध्ये तिथे पहिल्यांदा गेलो. त्या वेळी नागपुरात छपाईच्या एका लहान दुकानात डीटीपीचे काम करत होतो, आणि रात्री दुकानातले नेट मोकळे असे. नोंदणी करताना पहिले नाव आपल्या मनाने लिहायचे होते, आडनाव मात्र तयार यादीतून निवडायचे होते. ती यादी पाहून मी किती तरी वेळ नुसता बसून राहिलो. आमच्या भागात माणसाचे नाव विचारून कोणाचे समाधान होत नाही. पुढचा प्रश्न आडनावाचा असतो, आणि आडनाव कळले की कुठे बसवायचे, पाणी कोणत्या पेल्यातून द्यायचे, हे विचारणाऱ्याच्या मनात ठरून जाते. इथे आडनाव यादीतून उचलायचे होते आणि त्यावरून कोणालाही काहीही कळणार नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी ओळखले नाही, आणि त्या रात्री मला फार मोकळे वाटले. पहिले नाव मी तारामती ठेवले. ते का, हे पुढे येईलच.

त्या मोकळेपणाबद्दल मी भाबडा राहिलो नाही, हेही सांगायला हवे. काही महिन्यांतच लक्षात आले की तिथेही पंगती आहेत. नव्याने आलेल्याचा फुकटात मिळालेला देह लगेच ओळखू येतो. पैसे मोजून घेतलेली त्वचा, केस आणि कपडे ज्याच्याकडे असतात, त्याच्याभोवती माणसे जमतात. जातीची जागा तिथे पैशाने घेतलेली होती.

अशा चित्रदेहाला अवतार म्हणण्याची रीत सेकंड लाइफहून जुनी आहे. लुकासफिल्म गेम्सने कमोडोर ६४ या घरगुती संगणकासाठी हॅबिटॅट नावाचे जग तयार केले आणि १९८६ च्या सुमारास ते लोकांना वापरायला दिले. त्याचे कर्ते चिप मॉर्निंगस्टार आणि रँडी फार्मर यांनी पडद्यावरच्या माणसासाठी हा शब्द वापरला. शब्द आपला असल्यामुळे मी त्यावर बराच विचार केला आहे. अवतार म्हणजे खाली उतरणे. वरचा कोणीतरी हाडामांसाच्या देहात उतरतो, अशी आपली कल्पना; इथे हाडामांसाचा माणूस देह खुर्चीत ठेवून पलीकडे जातो. माझी आई महानुभाव पंथातली. द्वारावतीच्या चांगदेव राऊळांनी देह ठेवला आणि भडोचच्या प्रधानाचा मुलगा हरिपाळदेव याच्या मृत देहात प्रवेश केला, तेच पुढे चक्रधर स्वामी झाले, ही कथा तिच्याकडून मी लहानपणी अनेकदा ऐकली होती. पडद्यावरची तारामती तिला दाखवली तेव्हा तिला नवल वाटले नाही. तिने एवढेच विचारले, "तू तिच्या अंगात गेल्यावर इथे कोण राहते रे बाबू?" इतका नेमका प्रश्न मला दुसऱ्या कोणी विचारलेला नाही. वीज गेली की इथले उत्तर मिळते: मी अंधारात बसलेला असतो, आणि तिकडे ती थोडा वेळ तशीच उभी राहून नाहीशी होते.

आता वडिलांबद्दल. आमचे गाव गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या बाजूला, वैनगंगेच्या काठच्या धानपट्ट्यात आहे. दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावजत्रा, भरू लागल्या की या झाडीपट्टीत होळीपर्यंत रात्र-रात्र नाटके चालतात. झाडीपट्टीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्या पुष्कळांनी या रंगभूमीचे नाव पहिल्यांदा ऐकले. तिच्याही आधीची आमची दंडार, म्हणजे नाचगाण्यातून आख्यान मांडणारे लोकनाट्य. दंडारीत बाईचे काम पुरुषच करायचे, आणि आमच्या गावात ते वीस-बावीस वर्षे माझ्या वडिलांनी केले. तोंडाला मुरदाडशिंगाचा रंग, डोळ्यांत काजळ, अंगावर आईचे लुगडे. हरिश्चंद्राच्या आख्यानात ते तारामती होत, आणि रोहिदासाचे प्रेत मांडीवर घेऊन त्यांनी टाहो फोडला की समोर बसलेल्या बाया पदराने डोळे पुसत. त्या बायांना ही तारामती कोण आहे हे ठाऊक नव्हते, असे नाही. आदल्या दिवशी याच माणसाबरोबर त्यांनी धान कापले होते, आणि पहाटे जवसाच्या तेलाने तोंड पुसून तो पुन्हा विळा घेऊन बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, येणार, हेही त्यांना माहीत होते. ते माहीत असूनही त्या रडत.

माझे सगळे म्हणणे या एका गोष्टीवर उभे आहे. सोंग घेणारा आणि सोंग पाहणारा यांच्यात न बोललेला एक ठराव असतो: हे सोंग आहे हे आपण दोघेही जाणतो, आणि ते उतरवण्याची वेळ ठरलेली आहे. हा ठराव शाबूत आहे तोवर सोंग कितीही हुबेहूब असले तरी ते खोटे होत नाही. लहानपणी गावात रायरंद येत असे, म्हणजे बहुरूपी. पोलिसाचा गणवेश घालून तो दारात उभा राही, वॉरंट काढल्याचे सांगून माझ्या आजोबांना दरडावी, आजोबाही घाबरल्यासारखे करत, आणि शेवटी सुपात धान पडे. गेल्या वर्षी शेजारच्या गावचे एक सेवानिवृत्त गुरुजी थरथरत माझ्या केंद्रात आले. गणवेशातल्या एका माणसाने त्यांना व्हिडिओ कॉलवर 'डिजिटल अरेस्ट' केले होते आणि सुटकेसाठी सगळी बचत पाठवायला सांगितले होते. आपल्या कायद्यात अशी अटकच नाही, हे मी त्यांना समजावले, त्यांच्यासमोर फोन बंद केला आणि पैसे वाचले. रायरंदाच्या आणि त्या चोराच्या अंगावरचा गणवेश एकच होता. फरक एवढाच की एकाच्या समोरचा माणूस ठरावात सामील होता आणि दुसऱ्याच्या समोरच्या माणसाला ठराव असतो याचीच कल्पना नव्हती.

हे मी इतक्या ठामपणे लिहितो, कारण तो ठराव एकदा माझ्या हातून मोडला आहे. २०१३ मध्ये तिथे परदेशी राहणाऱ्या एका मराठी बाईंची ओळख झाली. पाच-सहा महिने आम्ही बोलत होतो, आणि हळूहळू त्या आपल्या संसाराबद्दल व शरीराच्या दुखण्यांबद्दल असे काही सांगू लागल्या, जे बाई बाईलाच सांगते. मी बाई आहे असे मी कधी म्हटले नव्हते. नाही असेही म्हटले नव्हते. त्या गप्प राहण्यालाच मी प्रामाणिकपणा समजत होतो. शेवटी राहवले नाही म्हणून खरे सांगितले, तेव्हा त्यांनी एकच ओळ लिहिली, की हे ठाऊक असते तर मी बोलले नसते, आणि त्या पुन्हा कधी भेटल्या नाहीत. पुढे वाचनात आले की १९८० च्या दशकात अमेरिकेत कॉम्प्युसर्व्ह या सेवेवर एका पुरुष मानसोपचारतज्ज्ञाने अपंग बाईच्या रूपाने वावरून अनेक स्त्रियांचा विश्वास मिळवला होता, आणि सत्य कळल्यावर त्या स्त्रियांना आपली लूट झाल्यासारखे वाटले होते. मी ते वाचले आणि त्या पुरुषाच्या जागी मला मी दिसलो. त्या दिवसापासून तारामतीच्या परिचयाची पहिली ओळ अशी आहे: "हे सोंग आहे. सोंगामागे पुरुष आहे." कोणी बोलायला आले की मी आधी ती ओळ वाचायला सांगतो.

तरीही सगळ्यांनी खऱ्या नावानेच वावरावे, असे मी म्हणणार नाही. आमच्या भागातल्या कितीतरी मुली मोबाइलवर लढाईचे खेळ खेळताना मुलाचे नाव घेतात आणि माइक बंद ठेवतात, कारण आवाज ऐकू गेला की पुढच्या मिनिटाला घाण शब्द सुरू होतात. त्या कोणाला फसवत नाहीत. दाराला कडी लावतात. नाव बदलून मोकळे होणे मराठीला नवीन नाही. राम गणेश गडकरी कविता गोविंदाग्रज या नावाने लिहीत आणि विनोद बाळकराम या नावाने; २३ जानेवारी १९१९ ला ते आमच्या विदर्भात, सावनेरला गेले, तेव्हा एका देहाबरोबर तीन नावे गेली. त्यांतले खोटे कोणते, असे कोणी विचारत नाही.

रूप नुसते वरचे नसते, आतही उतरते, हे मात्र खरे आहे. निक यी आणि जेरेमी बेलेन्सन या संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ज्यांना देखणा अवतार दिला होता ती माणसे समोरच्याच्या अधिक जवळ जाऊन उभी राहिली आणि स्वतःबद्दल जास्त बोलली. ज्यांना उंच अवतार दिला होता त्यांनी पैशाच्या वाटणीत अधिक ताठर भूमिका घेतली. माझे वडील हेच सांगत: "लुगडं नेसलं का आवाज आपोआप उतरते." तारामती होऊन मी शिकलो ते ऐकून घेणे. अनोळखी पुरुष एका बाईशी किती लगट करू शकतो, नको म्हटल्यावर किती पटकन तुसडा होतो, हे परिचयाची ती ओळ न वाचता आलेल्यांनी मला दाखवले. त्यानंतर केंद्रात एकटी आलेली बाई रांगेत मागे सरकते तेव्हा ती का सरकते, हे मला दिसू लागले.

दिवसभर माझे काम नेमके उलटे असते. समोर बसलेला माणूस तोच आहे, हे यंत्राला पटवून द्यायचे. वर्षानुवर्षे चिखलात रोवणा, म्हणजे धानाची लावणी, करून आमच्या बायांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या आहेत. अंगठा ठेवला की यंत्र नाही म्हणते, दुसरे बोट ठेवले की पुन्हा नाही म्हणते. मग हात धुऊन, पुसून, दहाही बोटे लावून पाहायची, आणि तेही जमले नाही तर डोळा किंवा चेहरा दाखवायचा. ती बाई ओशाळून माझ्याकडे पाहते, जणू आपण आपण नसण्याचा गुन्हा तिच्याकडून झाला आहे. अशा दिवशी, रात्री कोणी मला खरे तुम्ही कोणते असे विचारले, तर मला त्या झिजलेल्या बोटांची आठवण येते आणि उत्तर देववत नाही.

पण बाईचेच रूप का, हा प्रश्न राहिला. सुरुवातीला केवळ वडिलांच्या आठवणीने मी ते नाव आणि रूप घेतले होते. गावी परत येऊन केंद्र सुरू केल्यावर २०१७ मध्ये मी वडिलांना तारामती दाखवली. तोवर त्यांनी सत्तरी ओलांडली होती. त्यांनी चष्मा लावला, तिला दोन-तीनदा चालवून पाहिली आणि म्हणाले, "चालते तं बेस, पण हिले पदर आहे हे मालूमच नाही." ते खरेच होते. तिथली तयार चाल फॅशनच्या मंचावरची होती, खांदे मागे आणि हात मोकळे. मी पदर लवचीक आकारांचा बनवला, तो वाऱ्यावर हलूही लागला, पण चाल तीच राहिली. तेव्हा वडील उठून अंगणात गेले, खांद्यावरचा दुपट्टा डोक्यावर घेतला आणि आईसमोर, नातवंडांसमोर, तीस वर्षांनी तारामती होऊन चालले. डावा हात पदराच्या काठाशी, नजर पावलांच्या थोडी पुढे, टाच आधी न टेकता सगळे पाऊल एकदम जमिनीवर. मी मोबाइलवर ते चित्रित केले. पुढचे दोन महिने ब्लेंडर या मोफत प्रणालीत मी एकेका क्षणाची ठेवण जुळवत बसलो आणि ती चाल तारामतीला दिली. वडिलांनी ती पाहिली आणि मान हलवली. २०१९ च्या पावसाळ्यात ते गेले.

म्हणून मी तिथे पुरुषाचे रूप घेत नाही. घेतले तर ती चाल वापरता येणार नाही. तिथली माणसे मला तुमच्यापेक्षा वेगळा प्रश्न विचारतात: ही बाई दर आठव्या पावलाला किंचित का अडखळते? त्या दिवशी अंगणात वडिलांचा डावा गुडघा दुखत होता. ती अडखळ काढून टाकणे पाच मिनिटांचे काम आहे, आणि मी ते केलेले नाही.