मॅलाकाइट : निळा साका एकदाचा हिरवा झाला

मॅलाकाइट, म्हणजे तांब्याचं हिरवं खनिज, घरी करून बघतोय. मोरचूद आणि सोड्याची पाणी एकत्र केल्यावर तळाशी बसलेला, मागच्या नोंदीतला थलथलीत निळा साका आता हिरवागार, रवाळ होऊन तळाशी बसलाय. आकारमान तर पाव झालं असेल.

नव्यांसाठी प्रमाण: २५ ग्रॅम मोरचूद (म्हणजे कॉपर सल्फेट, द्राक्षबागायतदार बुरशीवरच्या बोर्डो फवारणीसाठी नेतात तोच) २०० मिली पाण्यात, आणि १२ ग्रॅम धुण्याचा सोडा वेगळ्या २०० मिलीत. सोडा खडेदार असेल तर ३० ग्रॅम घ्या, त्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. मोरचुदाचं पाणी सोड्यात हळूहळू सोडायचं. कार्बन डायऑक्साइडचा फेस येतो, भांडं ऐसपैस हवं.

साका दिसला की गाळायची घाई होते, आणि तिथेच गाडी अडते. हा निळा पदार्थ अजून मॅलाकाइट नाहीच. त्यातले कण स्फटिकरूपात लागलेले नसतात. निसर्गातही हे रूप सापडतं, जॉर्जाइट म्हणतात त्याला. पण दुर्मीळ, कारण ते मॅलाकाइटकडे वळतं. मोरचूद आणि सोड्याचं बरगंडी मिश्रण (बुरशीवरचीच फवारणी) ताजंच फवारावं लागतं, त्यामागेही हेच: ठेवलं की रवा धरतं.

म्हणून साका त्याच पाण्यात राहू द्यायचा. मी भांडं कोमट पाण्यात ठेवलं आणि जुन्या खेपेतलं चिमूटभर हिरवं विरजणासारखं टाकलं. आधी बराच वेळ काहीच नाही, मग तळाशी हिरवट डाग, आणि तिथून मात्र रंग भराभर वर चढला. उकळू नका, काळं कॉपर ऑक्साइड व्हायला लागतं. सूक्ष्मदर्शकाखाली आता बारीक गोल गोळे दिसतात.

धुणं कंटाळवाणं. सल्फेट उरलंय का ते बघायला धुवणात आधी आम्लाचे थेंब टाकून मग बेरियम क्लोराइड घातलं. पांढरं आलं नाही तेव्हा थांबलो. (ते पांढरं म्हणजे बराइट, तेही खनिजच! पण बेरियम क्लोराइड विषारी आहे, जपून.)

खरंच मॅलाकाइट झालंय का ते पडताळायला सावलीत वाळवलेल्यातले २ ग्रॅम काळे होईपर्यंत तापवले. पाणी आणि कार्बन डायऑक्साइड गेल्यावर हिशेबाने १.४४ उरायला हवेत. माझ्या काट्यावर १.४७ भरले. घरच्या काट्याला एवढं माफ.

धुवण मोरीत ओतलं नाही, तांबं माशांना मारक. बरणीत साठवलंय. आता अॅझुराइट (तांब्याचंच निळं खनिज) करून बघायचंय, पण त्याला कार्बन डायऑक्साइडचा दाब जास्त लागतो. सोडा-वॉटरच्या जाड बाटलीत कुणी केलंय का?